तीन पोती युरिया आणि १४ लाखांचं मशीन

मा. सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी (आमच्या तोंडात अजून भाऊसाहेबच) यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र रीतसर टपालात द्यायला हवं होतं. दिलं. पोचही घेतली. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. म्हणून तेच पत्र थोडं वाढवून चारचौघांसमोर ठेवते आहे. गावाचं नाव लिहीत नाही. पंचगंगेच्या काठचं, ऊस आणि म्हशींचं, कोल्हापूरला एसटीने तासाभरात पोचणारं गाव. अशी पुष्कळ आहेत आणि पाण्याचं दुखणंही बऱ्याच जणांचं सारखंच आहे.

मी कोण ते तुम्हाला माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच-पाच बायकांना पाणी तपासायला शिकवलं, त्यातली मी एक. बी.एस्सी. केमिस्ट्री, मग लग्न, मग घरच्या घरी शिकवण्या. घरचा अडीच एकर ऊस आहे. म्हणजे खतातून पाण्यात उतरणाऱ्या ज्या नायट्रेटबद्दल भांडते आहे त्यात आमचाही वाटा आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं.

विषय: शाळेजवळच्या बोअरवर बसवायचं ठरलेलं 'नॅनो नायट्रेट फिल्टर'. मासिक सभेत ठराव झाला, पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित (म्हणजे पाणी-स्वच्छतेलाच वापरायच्या) निधीतून १४ लाख, आणि मार्चच्या आत खर्ची टाकायचे. या ठरावाला माझा विरोध आहे. नॅनोला नाही, ठरावाला. हा फरक शेवटपर्यंत लक्षात ठेवा, कारण सभेत एका सदस्यांनी "वहिनी, तुम्हाला सुधारणाच नको" असं म्हणून विषय संपवला होता.

आधी पाण्याचं सांगते. खालच्या गल्लीला नदीच्या योजनेचं, गाळून येणारं पाणी. वरच्या गल्लीला, म्हणजे आम्हाला, बारा महिने बोअरचं. या पाण्यात तूरडाळ शिजत नाही हे वरच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. बाकी पाणी दिसायला काचेसारखं. वास नाही, चव बरी. मे महिन्यात मी किटवर नायट्रेट तपासलं. छोट्या कुपीत पाणी घ्यायचं, पूड टाकायची, थेंब टाकायचे, हलवून थांबायचं आणि रंग कार्डाशी लावून बघायचा. खालच्या टाकीच्या पाण्याला नुसती गुलाबी झाक आली. आमच्या बोअरचं पाणी बिटाच्या कोशिंबिरीला सुटतं तसं झालं. किट अंदाज सांगतं, आकडा नाही, म्हणून नमुना प्रयोगशाळेत पाठवला. ऑगस्टमध्ये कागद आला: बोअर ९२ मिलिग्रॅम प्रति लिटर, खालची टाकी ८. भारतीय मानकाची, आयएस १०५०० ची, मर्यादा ४५. बऱ्याच घटकांना मानकात 'दुसरा स्रोत नसेल तर इथपर्यंत चालेल' अशी सूट असते. नायट्रेटला ती नाही.

हा कागद ऑगस्टपासून तुमच्या कपाटात आहे. ही माझी पहिली तक्रार, आणि मशीनपेक्षा मोठी. फलकावर तो लागला नाही. बोअरच्या नळावर पाटी लागली नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "लोकं घाबरतील". मग टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, थोडी जास्त टाकायला सांगितली. टीसीएलने जंतू मरतात. नायट्रेट जंतू नाही, विरघळलेलं मीठ आहे. त्याला ना क्लोरीन बाधते, ना तुरटी, ना यूव्हीचा दिवा. आणि उकळण्याने तर ते वाढतं.

इथे जरा थांबते, कारण हे आमच्याच स्वयंपाकघरात घडलं. ऑक्टोबरमध्ये लेक बाळंतपणाला आली. अंगावरचं दूध पुरेना म्हणून डॉक्टरांनी वरच्या दुधाची पावडर दिली. सासूबाईंनी पातेलं गॅसवर ठेवलं. "चांगलं खळखळून उकळ गं, बाळासाठी हाय." त्यांच्या हिशेबाने त्या बरोबर होत्या, आयुष्यभर त्यांना हेच सांगितलेलं. पण लिटरभर पाणी उकळून पाऊण लिटर झालं की वाफ जाते, नायट्रेट तिथेच राहतं. ९२ चे १२० च्या वर जातात. मी पातेलं उतरवलं. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

"आमी ह्येच पाणी पिऊन म्हातारं झालो" हे त्यांचं म्हणणं खरं आहे. मोठ्या माणसाला ते बऱ्यापैकी पचतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पचत नाही. त्याच्या पोटात आम्ल कमी असतं, तिथे नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तात उतरतं आणि हिमोग्लोबिन बिघडवतं. मग रक्त असतं, पण प्राणवायू वाहून नेत नाही. ओठ, नखं निळसर पडतात. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात हंटर कॉमली या डॉक्टरांनी निळी पडणारी बाळं आणि विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध यांचा संबंध पहिल्यांदा दाखवून दिला. निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाला तेवढी भीती नाही, पण बाटली आली की पाणी आलं. आमचं बाळ ठणठणीत आहे. त्याच्यासाठी खालच्या टाकीवरून कळशी येते. पण अंगणवाडीच्या वहीत वरच्या गल्लीतली सहा महिन्यांच्या आतली मुलं आणि गरोदर बायका मिळून आज ११ नावं आहेत. त्या ११ घरांना कपाटातल्या कागदाची खबर नाही.

आता मशीन.

विक्रीला आलेल्या दोघांनी ग्रामपंचायतीच्या टेबलावर प्रात्यक्षिक केलं, ते तुम्ही पाहिलं आणि मीही पाहिलं. काचेची नळी, तिच्यात पांढरी भुकटी. वरून पाणी ओतलं, खालून आलेलं पाणी तपासलं, रंग गेला. टाळ्या पडल्या. वरून ओतलेलं पाणी कुठलं होतं हे कुणी पाहिलं का? त्यांनी बरोबर आणलेल्या जारमधलं, त्यात चमचाभर नायट्रेट विरघळवलेलं. शुद्ध पाण्यात एकटं नायट्रेट. मी उठून विचारलं, "आमच्या बोअरचं ओतून दाखवाल का? कळशी बाहेरच आहे." वेळ नाही म्हणाले. चहा मात्र दोनदा झाला.

जारच्या आणि बोअरच्या पाण्यात काय फरक, ते सांगते. अशा कामाला वापरतात त्यातला एक पदार्थ मॅग्नेशियम आणि अॅल्युमिनियमच्या अतिशय पातळ थरांचा असतो. पत्त्यांच्या कॅटसारखा, एकावर एक. थरांवर धन भार, मधल्या फटीत पाणी आणि ऋण भाराचे आयन (विद्युतभार असलेले कण). नायट्रेट ऋण भाराचं, त्यामुळे ते त्या फटीत शिरून बसू शकतं. कण नॅनो, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागात मोजायचे. मूठभर भुकटीला शेताएवढा पृष्ठभाग मिळतो तो त्यामुळे. विज्ञान खरं आहे, थाप नाही. पण फटीतल्या जागा म्हणजे एसटीतल्या सीटा. नायट्रेट हा रुमाल न टाकता शेवटी चढणारा प्रवासी. त्याची पकड सैल. सल्फेट, फॉस्फेट आणि विशेषतः कार्बोनेट आधी चढतात आणि बसले की उठत नाहीत. आपलं पाणी काळ्या कातळातून येतं, बायकार्बोनेटने भरलेलं. डाळ शिजत नाही ती त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमने, पण त्यांच्याच जोडीने बायकार्बोनेट येतं. प्रयोगशाळेच्या त्याच कागदावर क्षारता, म्हणजे मुख्यतः या बायकार्बोनेटचंच माप, ३४० लिहिली आहे. नायट्रेट ९२, समोर ३४०. जारमध्ये हा समोरचा गडीच नव्हता, मग कुस्ती एकतर्फी होणारच.

"आर्सेनिक काढतंय म्हणे नॅनो, मग हे का न्हाई?" असं एका सदस्यांनी विचारलं होतं. प्रश्न चांगला होता, उत्तर कुणी दिलं नाही. आयआयटी मद्रासच्या प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने लोहाच्या नॅनो पदार्थाने पाण्यातलं आर्सेनिक काढायचं तंत्र खरोखरच गावांपर्यंत नेलं. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण आर्सेनिक लोहाशी घट्ट गाठ मारतं, नायट्रेट मारत नाही. आणि आर्सेनिकची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम, नायट्रेटची ४५. काढायचा माल हजारो पटींनी जास्त. चिमूटभर केशर आणि पोतंभर तांदूळ एकाच डबीत मावत नाहीत.

हा मालाचा हिशेब ठरावाआधी कुणीतरी करायला हवा होता. पाचवी-सहावीचं गणित आहे. गावाची लोकसंख्या ३,००० धरा (मशीन 'संपूर्ण गावासाठी' आहे असं ठरावातच लिहिलं आहे). माणशी ५ लिटर पिण्या-शिजवण्याला, म्हणजे दिवसाला १५,००० लिटर. लिटरमागे ५० मिलिग्रॅम काढायचे, म्हणजे दिवसाला ७५० ग्रॅम नायट्रेट. माहितीपत्रकात मशीनमध्ये ५० किलो भुकटी आणि एका ग्रॅमची क्षमता ४० मिलिग्रॅम लिहिली आहे. म्हणजे सगळी भुकटी मिळून २ किलो नायट्रेट धरणार आणि पावणेतीन दिवसांत भरणार. हा त्यांचाच आकडा, तोही शुद्ध पाण्यातला. आपल्या पाण्यात चौथाई क्षमता उरली तर १६ तास. माहितीपत्रकावर 'आयुष्य: एक वर्ष' असं छापलं आहे.

भुकटी भरली की मिठाच्या पाण्याने धुऊन परत वापरता येते, असं ते म्हणाले. येते, खरं आहे. पण धुतल्यावर नायट्रेट जातं कुठे? मिठाच्या पाण्यात. ते पाणी कुठे? "गटारीला सोडायचं." गटार ओढ्याला, ओढा पंचगंगेला, आणि पंचगंगेवर खालच्या गावांचं पाणी. पंचगंगेला अजून एक देणगी आपल्या गावाकडून.

माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ आहे, तीही बघा. 'बाहेर येणाऱ्या पाण्यात नायट्रेट १२.' वाचून बरं वाटतं. पण पुढे कंसात 'एन म्हणून' असं आहे. म्हणजे नुसत्या नायट्रोजनचं वजन धरलं आहे, पूर्ण नायट्रेटचं नाही. आपल्या मानकाशी ताडायचं तर ४.४३ ने गुणावं लागतं. १२ चे ५३ होतात. मर्यादा ४५. म्हणजे त्यांच्याच कागदाप्रमाणे मशीन नापास, आणि तरी ठराव मंजूर.

त्यांच्याकडे लोहाच्या नॅनो कणांचं दुसरं मॉडेलही आहे, थोडं स्वस्त. ते दाखवायला आले तर एकच विचारा: पाण्यात अमोनिया किती येतो? तसलं लोखंड नायट्रेटला धरून ठेवत नाही, मोडतं, आणि बहुतेक वेळा त्याचा अमोनिया होतो. मानकात अमोनियाची मर्यादा अर्धा मिलिग्रॅम आहे. आगीतून फुफाट्यात.

नॅनो हा शब्द आपल्याकडे आता युरियाच्या पोत्याबरोबर लिंकिंगमध्ये, म्हणजे सक्तीने, गळ्यात मारलेल्या नॅनो युरियाच्या बाटलीमुळे माहीत झाला आहे. लोक त्यावर हसतात. मला ते हसणं आवडत नाही, कारण उद्या खरोखर उपयोगी काही आलं तरी लोक हसतीलच.

आता ज्यावर सभेत कुणीच बोललं नाही ते. हे नायट्रेट येतं कुठून?

वरचा ७५० ग्रॅमचा हिशेब पुढे नेला तर वर्षाला साधारण २७४ किलो नायट्रेट. त्यातला नायट्रोजन सुमारे ६२ किलो. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात २०.७ किलो नायट्रोजन असतो. म्हणजे तीन पोती. अख्ख्या गावाच्या पिण्याच्या पाण्यातून वर्षभरात जे काढायचं आहे ते तीन पोती युरियाएवढं. २६६ रुपये ५० पैशांचं एक पोतं. तीन पोत्यांचे ८०० रुपये. त्यासाठी १४ लाख.

आणि एक एकर आडसाली उसाला आपण किती टाकतो? शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र (नायट्रोजनच तो), म्हणजे नुसत्या युरियाने द्यायचं तर एकरी जवळजवळ आठ पोती. शिफारशीवर थांबतो कोण? शेजाऱ्याचा ऊस हिरवागार दिसला की आमचे हेसुद्धा संध्याकाळी आणखी एक पोतं फोडतात. वर पाटाने सरीभर पाणी. युरियाचं जमिनीत आधी अमोनियम होतं, त्याला काळी माती धरून ठेवते. मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि त्याला माती धरत नाही, दोघांचाही भार ऋण. पाणी जिथे जाईल तिथे ते जातं, मुळांच्या खाली, मग कातळाच्या भेगांत, मग बोअरमध्ये.

पण सगळं उसावर ढकलून मोकळं होता येणार नाही. शाळेजवळचा बोअर गावठाणात आहे. त्याच्या चारी बाजूंना गोठे, उकिरडे आणि शोषखड्डे. सगळ्यात जवळचा उकिरडा मी पावलांनी मोजला, १४ पावलं. म्हशीच्या मुतातही नायट्रोजनच आहे, आपल्या शौचालयाच्या खड्ड्यातही. पावसाळ्यात तो उकिरडा तळं होतो आणि तळं खाली झिरपतं. उकिरडा कुणाचा ते लिहीत नाही. सभेत पहिल्या ओळीत बसतात.

आपण एकटे नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या ४४० जिल्ह्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आढळलं आहे. महाराष्ट्रात तपासलेल्या नमुन्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त नमुने नापास. म्हणजे गावोगाव असे पांढऱ्या भुकटीवाले फिरणार, हे नक्की.

माझ्या मागण्या अशा आहेत.

कपाटातला कागद उद्याच्या उद्या फलकावर लावा, मोठ्या अक्षरात. बोअरच्या नळावर पाटी लावा: 'बाळाच्या दुधासाठी आणि गरोदर बाईला पिण्यासाठी हे पाणी वापरू नये. उकळूनही नाही.' शेवटचे दोन शब्द गाळू नका. त्या ११ घरांना खालच्या टाकीतलं पाणी रोज २० लिटरच्या कॅनमधून पोचवा. गाडी ग्रामपंचायतीकडे आहेच (कचऱ्याची घंटागाडी नव्हे, हे सांगायला लागू नये). याला ठराव लागत नाही, निधी लागत नाही.

मशीनची खरेदी थांबवा आणि विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे आणा. मासिक सभेत सात जणांनी हात वर करण्याइतका तो लहान नाही.

त्याच १४ लाखांत खालच्या टाकीपासून वरच्या टाकीपर्यंत पाइप आणि पंप बसतो का, याचं अंदाजपत्रक करून घ्या. पूर्ण पाणी नाही पुरलं तरी चालेल. एक भाग बोअरचं, दोन भाग नदीचं मिसळलं की ९२ आणि ८ मिळून ३६ होतात. मर्यादेच्या आत. यात नॅनो नाही, मशीन नाही, टाळ्या नाहीत. नदीच्या पाण्यात जंतू असतात, त्याला गाळणी आणि क्लोरीन आपल्याकडे आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीच्या साथीने माणसं गेली, तेव्हा ते काम हलक्यात घेऊ नका, एवढंच.

नॅनो फिल्टर घ्यायचाच असेल तर विक्रेत्याने स्वखर्चाने आपल्याच बोअरवर १५ दिवस चालवून दाखवावा. दर ५०० लिटरला आत जाणारं आणि बाहेर येणारं नायट्रेट मोजायचं, सरकारी प्रयोगशाळेत, पूर्ण नायट्रेट म्हणून, 'एन म्हणून' नाही. बाहेरच्या पाण्यात अॅल्युमिनियम किती उतरतं तेही मोजायचं, त्याची स्वीकार्य मर्यादा ०.०३ मिलिग्रॅम आहे. किती लिटरला भुकटी धुवायची आणि धुतलेलं पाणी कुठे जाणार, हे करारात लेखी हवं. आपल्या कोल्हापुरातच शिवाजी विद्यापीठात नॅनो सायन्सचा विभाग आहे. आपल्या पाण्याचे दोन कॅन घेऊन तिथे जाऊन विचारायला माझी तयारी आहे. एसटीचं भाडं मी देईन, ग्रामपंचायतीचं पत्र तेवढं द्या.

बोअरभोवतीचे उकिरडे हलवा, पहिल्या ओळीतला धरून. आणि कृषी सहायकांना बोलावून बोअरच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांची एक बैठक घ्या, माती तपासून नत्राचे हप्ते पाडून द्यायची. त्या यादीत पहिलं नाव आमचं लिहा. ह्यांना मी सांगितलंय. "बघू" म्हणालेत, म्हणजे येतील.

२६ तारखेला मी किट घेऊन येणार आहे. टेबलावर तीन कुप्या ठेवीन: बोअरची, खालच्या टाकीची आणि एक भाग-दोन भाग मिसळलेली. रंग यायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ कुणी उठून जाऊ नये, ही विनंती.

कळावे,

आपली,
पाणी तपासणाऱ्या पाच जणींपैकी एक

ता. क. पोचपावतीवर तारीख घालायची राहिली आहे. तीही घालून द्यावी.